डाव्या कानातला सूर

अकोला
६ मे २०२५, मंगळवार

आकांक्षा,

परवाच्या रविवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी माझं सगळं उलटंपालटं झालं. वेळ पक्की आहे. तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत होतो, कारण बाकी कुठंही बघायची सोय उरली नव्हती.

तू सुट्टीवर आली होतीस, बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होतीस, तुला सगळं दिसलं. तरी लिहून राहिलो. तुला दिसलं ते बाहेरून दिसलं.

अमरावतीच्या माझ्या जुन्या चर्चमध्ये हे झालं असतं तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिथं मी कीबोर्डवर, बाजूला ढोलक, मागं गिटार. एखादा फोन वाजला तर तो गाण्यातच खपून जाते. आपल्या अकोल्याच्या मंडळीत नुसते गळे. पेटी नाही, टाळी नाही, गाण्यापुरते कूलरसुद्धा बंद. मे महिन्यात! रविवारी कूलर बंद झाले, जाळीतून पाणी ठिबकायला लागलं, वरचा टिन तापून कडकडला, आणि बेचाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. प्याला फिरायच्या आधीचं गीत मला काढायचं होतं. तुला एक सांगतो, कोणाला सांगितलं नाही. मला त्या तेवढ्या वेळाची भीती वाटते. कूलर थांबल्यापासून पहिला सूर निघेपर्यंतची. चव्वेचाळीस डिग्रीत माझे हात बर्फासारखे असतात.

आणि त्यातच माझ्या गीतपुस्तकाखालून तानपुरा वाजायला लागला. मोठ्ठ्यानं. प्रभुभोजनाच्या मधोमध.

माझ्या डाव्या कानात बारकं इअरबड होतं, केसांखाली. फोनमधल्या तानपुऱ्याचा सूर एकट्या मला ऐकू यायचा आणि तिथून मी गाणं उचलायचो. त्या दिवशी बडची बॅटरी संपली आणि आवाज सरळ फोनच्या स्पीकरवर आला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्याला हे आधी सुचायला पाहिजे होतं. पण फक्त त्याच दिवशी लावलं होतं. घसा बसला होता म्हणून.

मी उठून बोलणारच होतो. तोंड उघडलं होतं, हे तू पाहिलं असशील. पण बाजूला बसलेल्या काकांनी, तुझ्या बाबांनी, पुस्तकाखालचा फोन ओढला आणि मांडीखाली दाबला. तो मांडीखालूनही वाजतच राहिला. मग बटणं दाबून दाबून त्यांनी तो बंद केला आणि तू आणून दिलेल्या निळ्या पाटीवर लिहून पाटी वर धरली. ‘माझा आहे.’

नागपूरच्या ऑपरेशनात गळा गेल्यापासून ते पाटीवर मोजकंच लिहितात. त्या दिवशी दोन शब्द.

पंजाबभाऊ मंडळीचे वडील म्हणून समोर उभे होते, हातात प्याला. म्हणाले, “चंद्रभानभाऊ, तुमी? देनगीत आलेली पेटी ज्यानं दारातून वापस पाठोली, तो मानूस?”

काकांनी मान खाली घातली. मी घड्याळाकडे बघितलं.

नंतर फाटकापाशी तू विचारलंस, “त्या फोनच्या कव्हरवरचं स्टिकर कोनं लावलं होतं?” तूच लावलं होतंस. आणि मी काय बोललो तर, “मले कोनी इचारलंच नाही.” हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते अजून मला समजत नाही. मग तू जे म्हणालीस ते मी लिहून ठेवतो, म्हणजे तरी डोक्यातून जाईल. “माह्या बाबाचा गळा गेला, शम्या. त्यायनं त्या गळ्याची जागा तुले देल्ली. आन् तू तथी मशीन बसोली.”

मी फाटक आपटून निघून गेलो. राग तुझ्यावर नव्हता.

फोन अजून तुमच्याच घरी आहे. शकुनमावशीच्या फोनवरून तुला दोनदा लावला, माझा आवाज ऐकून तू कापलास. म्हणून कागद. हॉस्टेलच्या पत्त्यावर पाठवतो.

शमुवेल


अकोला
१२ मे, सोमवार

आकांक्षा,

उत्तर नाही. पोस्टाला अकोला ते अमरावती किती दिवस लागतात हे मी पोस्टात जाऊन विचारलं. खिडकीतला माणूस म्हणाला, “भाऊ, शंभर किलोमीटरही नाही. तूच जाऊन दे ना.” येऊ शकतो. मूर्तिजापूरवरून गाडीनं दोन तासांत तुझ्या हॉस्टेलच्या फाटकावर उभा राहीन. भीती वाटते.

मागच्या पत्रात एक खोटं होतं. घसा बसला नव्हता. इअरबड मी जानेवारीच्या पहिल्या रविवारपासून लावत होतो. अठरा रविवार. काकांनी मला गाणं काढायला पुढच्या बाकावर बसवलं त्याच दिवसापासून.

आपली ओळख झाली ते लग्न आठव. बडनेऱ्याचा तो हॉल, मी कीबोर्डवर, गाण्याच्या मधोमध लाईट गेली. माझा कीबोर्ड मेला आणि मी तिथं खुळ्यासारखा पट्ट्या दाबत बसलो. आणि पाहुण्यांतून तुम्ही दोघांनी, तू आणि काकांनी, गाणं पुढं चालू ठेवलं. तेव्हा काकांना गळा होता. अंधारात तुझा आवाज माझ्या डाव्या बाजूनं आला. मी तर तिथंच संपलो. नंतरचं सगळं, अकोल्याला येणं, या मंडळीत येणं, त्या अंधारामुळं झालं. गंमत बघ, मी तुझ्यासाठी अमरावती सोडली आणि तू नर्सिंगला अमरावतीत गेलीस.

पण लाईट गेल्यावर पट्ट्या दाबणारा तो मीच आहे. मला सूर बोटांतून येतो, पट्टी दाबली की. नुसत्या हवेतून मला तो कधी सापडला नाही. काकांनी मला निवडलं तेव्हा हे सांगायला पाहिजे होतं. कसं सांगणार? तू बघत होतीस.

काल रविवारी मी गळ्याला मफलर बांधून गेलो. घसा खराब असल्याचं दाखवायला. दारातच मैनाबाई भेटली. तिनं मला वरून खाली पाहिलं. “बाप्पा! बाहेर चव्वेचाळीस अन् पोट्ट्याच्या गळ्यात मफलर! तुह्या अंदर डिसेंबर चालू हाय काय रे?” सगळे हसले. मीही हसलो. घामानं मान भिजली होती, तरी मफलर काढला नाही.

मी नाही म्हटल्यावर गीत पंजाबभाऊंनीच काढलं. इतकं वर काढलं की तिसऱ्या ओळीला बायका थांबल्या, चौथीला पुरुष थांबले, आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधीच गाणं मेलं. कूलर बंद, आणि बेचाळीस माणसं गप. कोणी खोकलंही नाही. आपल्या मंडळीत गाणं मध्येच मेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मैनाबाई म्हणते, तिनंही पहिल्यांदाच.

काका मागं होते. पुढचा बाक त्यांनी स्वतःच सोडला. दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसले होते.

शेवटी पंजाबभाऊंनी सांगितलं, येत्या रविवारी, अठरा तारखेला, चंद्रभानभाऊ मंडळीपुढं उभे राहून कबुली देतील. पहिलं गीत झालं की लगेच. पाटीवर लिहून. आणि त्यानंतर गाण्याच्या कामात त्यांचा शब्द राहणार नाही.

हे तुला घरून समजलं असेल. आता माझं ऐक. संध्याकाळी मी पंजाबभाऊंच्या घरी गेलो होतो. खरं सांगायलाच गेलो होतो, शपथ घेऊन सांगतो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. “बोल बावा.” आणि माझ्या तोंडून निघालं काय? “फोननं असं काय पाप केलं? शास्त्रात झांजा हायेत, कर्णे हायेत!” ते शांतपणे म्हणाले, “असतीन. पन आमी बिना वाद्याचं गातो. तुले हे माहीत होतं, मंगच तू आला. अन् मी फोनवर रागावलो नाही, पोट्ट्या. मी लपवाछपवीवर रागावलो.” तिथं बोलायचं होतं. दार उघडंच ठेवलं होतं त्यांनी माझ्यासाठी. मी म्हणालो, “एका म्हाताऱ्या मानसाले तुमी सगळ्यायसमोर उभं करून राहिले, लाज वाटत नाही?” आणि त्यांचं दार एवढ्या जोरानं आपटलं की वरची नावाची पाटी खाली पडली.

म्हणजे मी त्यांनाच लाज विचारून आलो. मी!

घरापर्यंत पळतच आलो. मावशीनं विचारलं, “काहून रे शमू, कुत्रं मांगं लागलं काय?” हो म्हणालो.

तू हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना अजून गुणगुणतेस का? एवढंच कळव. बाकी काही लिहू नको.

शमुवेल


अकोला
१७ मे, शनिवार, संध्याकाळ

आकांक्षा,

आज दुपारी तुझ्या घरी गेलो होतो. फोन आणायचं निमित्त. आठवडाभर दुकानातून सुटलो की तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि परत यायचो. पानठेल्यावाला काल म्हणाला, “भाऊ, काही हरवलं का इकडं?”

काकांनी दार उघडलं. गळ्याच्या भोकावर ते पांढरं कापड, हातात पाटी. फोन त्यांनी आतून आणून दिला. फुल चार्ज होता. आकांक्षा, त्यांनी माझा फोन चार्ज करून ठेवला होता.

मी तिथंच खाली बसलो, उंबऱ्यावर. म्हणालो, “काका, तुमी काहून केलं असं?”

पाटीवर: ‘चहा घेशीन?’

मी म्हणालो, चहा नको, शिव्या द्या. त्यांना हसू आलं. हसतात तेव्हा त्या कापडातून नुसती हवा निघते, तुला माहीतच आहे. मला त्या आवाजाची भीती वाटायची. आज नाही वाटली.

मग त्यांनी लिहिलं. ती पाटी खालून ओढली की कोरी होते, तसं ओढत, पुन्हा लिहीत.

‘तू पळाला असता.’

ओढली.

‘कॉलेजातून पळाला तसा.’

कॉलेज फीमुळं सोडलं असं मी तुला सांगितलं होतं. त्यांनाही. खरं असं आहे की दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत सरांनी एक प्रश्न विचारला, मला आला नाही, आणि समोर बसलेले तिघंही माझं उत्तर येईल म्हणून गप बसून राहिले. कोणी रागावलं नाही. नुसते वाट बघत राहिले. मला ते सहन झालं नाही. मी फाईल टेबलावर फेकली, दार आपटलं आणि पुन्हा त्या कॉलेजात पाय ठेवला नाही. बाबा अजून घरी माझं नाव काढत नाहीत.

“तुमाले कोनं सांगितलं?” मी विचारलं.

‘पंचवीस वर्षं कंडक्टर होतो.’ ओढली. ‘बिनतिकिटाचा मानूस कळते.’

“मंग कानातलंही माहीत होतं?”

‘फेब्रुवारीपासून.’

मला उठून पळावंसं वाटलं. खरंच वाटलं. फोन खिशात घातलाही होता. पण ते लिहीत होते, आणि माणूस लिहीत असताना निघून जाता येत नाही. बोलणाऱ्याला मध्येच तोडता येते.

‘वाट पाहून राहिलो. तू सांगशीन म्हनून.’

मी म्हणालो, मला सूर सापडत नाही काका, कधीच सापडला नाही. तुमच्यासारखा तो माझ्यात नाहीच. पट्टी दाबल्याशिवाय मी आंधळा आहे. हे बोलताना मला रडू आलं, हे तुला ते सांगतीलच, म्हणून मीच सांगतो.

त्यांनी पाटी पुन्हा कोरी केली. मग:

‘माह्यातही नव्हता.’

ओढली.

‘लोकायचा घेत होतो.’

मला समजलं नाही. मग त्यांनी मला बोट धरून शिकवावं तसं एकेक लिहिलं. रविवारी साडेनऊला ते फाटकावर जाऊन उभे राहायचे ना, येईल त्याला “कसं काय, तब्येत?” करत? मी समजत होतो की जुन्या कंडक्टरची सवय आहे, चढणाऱ्याशी बोलायची. ते ऐकत होते. कोणाचा गळा सुकला आहे, कोण खोकून राहिलं, कोण रात्रपाळी करून आलं. आणि शेवटी मैनाबाई. तिचा आवाज मंडळीत सगळ्यात वर जातो, पण दम्यामुळं दर रविवारी वेगळ्या जागी जाऊन थांबतो. ती दारात जेवढ्यानं बोलेल त्यावरून काका ठरवायचे की आज गाणं कुठून उचलायचं, म्हणजे चौथ्या कडव्याची वरची ओळ तिला पुरेल. एखाद्या रविवारी खाली, एखाद्या रविवारी थोडं वर. म्हणून आज कुठला सूर लागेल हे ते आधी कधीच सांगू शकत नव्हते.

माझं तानपुऱ्याचं अ‍ॅप अठरा रविवार काळी दोनवर होतं, त्याच एका पट्टीवर.

त्यांनी विचारलं, ‘मैनाबाई वरची ओळ गाते?’

मला सांगता येईना. ती माझ्यापासून पाच फुटांवर बसते.

‘जानेवारीपासून गप हाय.’ ओढली. ‘तुह्या कानात बोळा होता.’

डाव्या कानात. ती डावीकडंच बसते. लग्नातल्या त्या अंधारात तूही डावीकडूनच गायली होतीस.

मी म्हणालो, उद्या तुमी उभे राहू नका, मी सांगतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बिनतिकिटाच्या माणसाकडे बघतात तसं, रागानं नाही. लिहिलं, ‘पाहू.’ एवढंच. विश्वास ठेवला नाही. का ठेवावा?

निघताना मी विचारलं की आकांक्षा माझी पत्रं वाचते का. त्यांनी पाटी बाजूला ठेवून दिली आणि चहा टाकायला आत गेले.

शमुवेल


१८ मे, रविवार, सकाळचे आठ

आकांक्षा,

झोप झाली नाही. रात्रीचं ताट तसंच राहिलं. मावशी म्हणते, ऊन लागलं. असू दे ऊन.

काय होईल ते मी हजारदा करून पाहिलं. मला पहिलं गीत काढायचं आहे, कारण कबुली गीतानंतर आहे आणि काकांच्या आधी मला उभं राहायचं आहे. पंजाबभाऊ गीत काढू देतील की नाही, माहीत नाही. त्यांच्या दाराची पाटी मी पाडली आहे. दिलं तर कूलर बंद होतील. पाणी ठिबकेल. सगळे तोंडाकडे बघतील. आणि माझ्या कानात काहीच नसेल. सूर निघाला नाही तर? वर निघाला आणि मागच्या रविवारसारखं गाणं मेलं तर? आणि निघाला, गाणं झालं, तर त्याहून वाईट. मग बोलावं लागेल. “फोन माहा व्हता.” तीन शब्द. रात्रभर म्हणून पाहिले, अंथरुणावर आवाज न करता. तिसऱ्या शब्दाला प्रत्येक वेळी अडलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

ते मला पुन्हा गाऊ देणार नाहीत, हे पक्कं. कदाचित मंडळीतही ठेवणार नाहीत. तेही चालेल असं मी म्हणू शकत नाही. चालणार नाही. मला तिथंच राहायचं आहे. तुझ्यामुळं आलो होतो, आता नुसतं तुझ्यामुळं नाही. पण काका चपलांजवळून उठून, पाटी हातात घेऊन, एवढ्या लोकांमधून चालत पुढं येतील, आणि मी घड्याळाकडे बघत बसेन, हे पुन्हा झालं तर मला आयुष्यभर सगळी दारं आपटतच फिरावं लागेल.

हे पत्र मी जाताना रस्त्यावरच्या पेटीत टाकणार आहे, तिथं पोचायच्या आधी. म्हणजे काय झालं ते यात नसेल. झाल्यावर लिहीन म्हटलं तर मी त्यात काहीतरी घालीन, काहीतरी काढीन. माझं मला माहीत आहे. तू काकांनाच विचार. ते चार शब्दांत सांगतील आणि ते खरं असेल.

नऊ वाजले. साडेनऊला मला फाटकावर उभं राहायचं आहे. लोक येताना ऐकायचे आहेत. मैनाबाई मफलरवरून पुन्हा काहीतरी बोलेल. बोलू दे. जितकं जास्त बोलेल तितकं बरं, मला तिचा दम किती आहे ते समजेल. मफलर घेतला नाही.

इअरबड मावशीच्या पिठाच्या डब्यात टाकलं. हसू नको, दुसरं काही सुचलं नाही. फोन गादीवर ठेवला आहे, तानपुरा चालू करून, स्पीकरवर. बंद करायला गेलो आणि हात मागं घेतला. राहू दे. वाजू दे एकटाच.

मावशी खालून ओरडून राहिली, “शमू, चहाचं पानी झालं रे!”

हात थंड आहेत, आकांक्षा. खूप.

दार ओढून घेतलं. आपटलं नाही. हे शेवटचं बंद दारावर कागद टेकवून लिहिलं, म्हणून अक्षर असं आलं. आत काळी दोन चालू आहे, दारातून बारीक ऐकू येते.

खाली मावशी कोणाशी तरी बोलून राहिली. तिचा गळा आज थोडा बसलेला आहे.